पान्तेराचा कप्तान

सिर्मिओनेला लोक घशासाठी येतात. उत्तर इटलीतल्या गार्दा सरोवरात दक्षिण काठावरून जमिनीची एक चिंचोळी पट्टी सरळ आत शिरली आहे. तिच्या टोकाला रोमन काळातल्या अवाढव्य वाड्याचे अवशेष, वेशीवर पाण्यात पाय सोडून उभा असलेला किल्ला आणि मधे गल्लीबोळांचं जुनं गाव. तळ्याच्या बुडाशी गंधकाच्या गरम पाण्याचा झरा आहे. ते पाणी नळानं काठावर आणून त्याचा वाफारा देतात. कान, नाक, घसा यांच्या तक्रारींसाठी डॉक्टर इथं धाडतात. औषधांच्या दुकानांत याच पाण्याच्या नाकात फवारायच्या बाटल्या मिळतात. १९५० च्या दशकात ऑपेरागायिका मारिया कॅलासचं घर याच गावात होतं. आज तिच्या नावाची बागही आहे.

एत्तोरे बास्तियानिनी याच गावात २५ जानेवारी १९६७ ला गेला. वय ४४. घशात सुरू झालेल्या कर्करोगानं त्याला नेलं. पाच वर्षांपूर्वीपर्यंत तो ऑपेराच्या जगातल्या पहिल्या दोन-चार बॅरिटोन गायकांपैकी एक होता.

मला तो भेटला माझा स्वतःचा आवाज गेला त्या वर्षी. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. तीन महिने बोलायचं नाही, गायचं तर त्याहून नाही, असं सांगितलं होतं. बारा-तेरा वर्षांचा रियाज पेटीच्या खणात ठेवून मी नुसती ऐकत बसायचे. एका रेकॉर्डवेड्या मित्रानं ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेराचं १९५५ सालचं, मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहामधलं ध्वनिमुद्रण पाठवलं आणि म्हणाला, कॅलाससाठी ऐक. मी कॅलाससाठीच ऐकायला बसले. दुसऱ्या अंकात नायकाचा बाप येतो. माझ्या मुलाला सोड, अशी गळ तो नायिकेला घालतो. त्या आवाजापाशी मी थांबले ती आजतागायत. कांस्याच्या घंटेवर मखमल गुंडाळून टोला द्यावा तसा तो आवाज आहे: घनदाट, पण कडा मऊ. त्या रात्री कॅलासकडे माझं लक्षच राहिलं नाही, हे लिहायला संकोच वाटतो, पण ते खरं आहे.

म्हणून ही वाट. जिथं तो संपला तिथून निघायचं आणि मागे मागे जात तो जन्मला त्या सिएनाला पोहोचायचं.

सिर्मिओनेहून बसनं देसेंझानो आणि तिथून रेल्वेनं मिलान, साधारण तासाभराचा प्रवास. खिडकीबाहेर मक्याची शेतं पळत असताना एक गोष्ट सांगून टाकते, कारण तिच्याशिवाय या माणसाची कथा कळत नाही. पाश्चात्त्य गायनात पुरुषांच्या आवाजांचे ढोबळ तीन मजले. वर टेनर, तळाशी बास, मधे बॅरिटोन. इटालियन ऑपेरात टेनर प्रेम करतो. बास राजा, पुरोहित किंवा म्हातारा असतो. उरलेलं सगळं बॅरिटोनच्या वाट्याला येतं. बाप, भाऊ, प्रतिस्पर्धी, सूडानं पेटलेला सरदार, मित्रासाठी छातीवर गोळी झेलणारा माणूस. संगीतकार व्हेर्दीनं तर या मधल्या आवाजाला वरच्या टोकापर्यंत चढवलं आणि तिथंच त्याला टिकून राहायला लावलं. व्हेर्दीचा बॅरिटोन म्हणजे तार सप्तकात वस्ती करणारा मंद्रातला माणूस.

आणि बास्तियानिनी सहा वर्षं बास म्हणून गात होता. नोव्हेंबर १९४५ मध्ये रावेन्नाला त्यानं ‘ला बोएम’मध्ये पदार्पण केलं ते कोलिने या तत्त्वज्ञाच्या भूमिकेत. या कोलिनेला अख्ख्या ऑपेरात स्वतःचं असं एकच छोटं गाणं आहे. मरणाऱ्या मैत्रिणीच्या औषधासाठी तो आपला जुना कोट गहाण ठेवायला निघतो आणि त्या कोटाचा निरोप घेतो. १९४८ मध्ये ला स्कालातही तो प्रथम उभा राहिला तो स्त्राविन्स्कीच्या ‘ओइदिपुस रेक्स’मधला तिरेसियास म्हणून, बासच्याच पट्टीत. आपल्याकडे पांढरी चारमध्ये फुलणाऱ्या गळ्याला काळी एकमध्ये बसवलं, तर स्वर लागतो, चूक काही काढता येत नाही, पण गाणं उठत नाही. तसंच काहीसं. लुचानो बेत्तारिनी या शिक्षकानं १९५१ मध्ये त्याला सांगितलं की तू बास नाहीस. उभी राहिलेली, पैसे देणारी कारकीर्द त्यानं तिथंच थांबवली आणि नव्यानं शिकायला बसला. एकोणतिसाव्या वर्षी. गळा वर नेणं म्हणजे नुसतं ताणणं नव्हे. स्वर कुठून उचलायचा, कुठं टेकवायचा, श्वास कसा राखायचा, सगळी घडी मोडून पुन्हा घालायची. गाठी गेल्यानंतर सा लावायला मला किती महिने लागले ते आठवलं की त्याच्या त्या महिन्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

जानेवारी १९५२ मध्ये तो बॅरिटोन म्हणून उभा राहिला, ‘ला त्राव्हियाता’तला बाप जेर्मोंत गायला, आणि तोही आपल्याच सिएनात. जमलं नाही. वरचे स्वर पक्के नव्हते. घरच्या माणसांपुढं पडणं काय असतं ते ज्यानं अनुभवलं त्यालाच कळतं. तो पुन्हा कोंडून घेऊन रियाजाला बसला. पुढं त्याची ख्याती झाली ती नेमकी त्याच वरच्या, न डळमळणाऱ्या स्वरांसाठी.

मिलानमध्ये ला स्कालाच्या संग्रहालयाचं तिकीट काढलं की, तालीम नसेल तेव्हा एका बाल्कनीतून आत डोकावता येतं. लाल मखमल, सोनेरी कठडे, चढत गेलेले मजले आणि समोर काळोखात बुडालेला रंगमंच. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. मागून लोक येत होते, फोटो काढून जात होते. २८ मे १९५५ ची ती रात्र याच अंधारातली. दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोंती, वाद्यवृंद कार्लो मारिया जुलिनीच्या हाती, नायिका कॅलास, नायक जुझेप्पे दि स्तेफानो. रंगमंचावर बास्तियानिनी दि स्तेफानोचा बाप होता. प्रत्यक्षात ‘मुलगा’ बापापेक्षा वर्षभरानं मोठा! दि स्तेफानो १९२१ चा, बास्तियानिनी सप्टेंबर १९२२ चा. बत्तिसाव्या वर्षी त्या आवाजात बापाचं ओझं होतं.

बॅरिटोन म्हणून त्याची चढण फार झपाट्याची. जानेवारी १९५३ मध्ये फ्लोरेन्सला कॅलासबरोबर ‘लुचिया दि लामेरमूर’. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्याच माजिओ म्युझिकाले महोत्सवात प्रोकोफिएवच्या ‘युद्ध आणि शांती’चा रशियाबाहेरचा पहिला मोठा प्रयोग झाला आणि त्यात राजपुत्र आंद्रेई होता बास्तियानिनी. स्वतः प्रोकोफिएव मार्चमध्ये मॉस्कोत वारला होता. डिसेंबर १९५३ मध्ये न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन ऑपेरागृह. सिएनात पडलेल्या त्याच जेर्मोंतच्या भूमिकेत. १९५४ मध्ये तो ला स्कालाला बॅरिटोन म्हणून परतला, रेनाता तेबाल्दीसमोर ‘येवगेनी ओनेगिन’ बनून. मग शिकागो, व्हिएन्ना, साल्झबुर्ग, लंडन.

७ डिसेंबर हा मिलानच्या ग्रामदेवतेचा, संत आंब्रोजोचा दिवस. ला स्कालाचा हंगाम त्या रात्री उघडतो. त्या रात्रीचा मान काय असतो हे सवाई गंधर्वमध्ये शेवटी कोण बसणार यावर वाद घालणाऱ्यांना सांगायला नको. बास्तियानिनीच्या वाट्याला ही रात्र १९५७ मध्ये आली, १९६० मध्ये आली, १९६१ मध्ये आली आणि १९६२ मध्येही आली. १९६२ ची रात्र ‘इल त्रोव्हातोरे’ची. फ्रांको कोरेल्ली टेनर, बास्तियानिनी काउंट दि लुना. त्याच सुमारास त्याच्या घशात कर्करोग असल्याचं निदान झालं होतं.

शस्त्रक्रिया केली असती तर आवाज गेला असता. ती त्यानं नाकारली. १९६३ च्या पहिल्या महिन्यांत किरणोपचार घेतले. अगदी जवळच्या एक-दोन माणसांखेरीज कुणालाही काही सांगितलं नाही आणि पुढची जवळजवळ तीन वर्षं तो गात राहिला. १९६३ च्या शरदात तोक्योत गायलेला त्याचा ‘इल त्रोव्हातोरे’ चित्रफितीवर आहे. मी तो पाहिला आहे. उंच, देखणा, ताठ. एखादा स्वर पूर्वीसारखा गोल उमटत नाही हे आता, सगळं माहीत असताना, कानाला जाणवतं. तेव्हा समीक्षक लिहीत होते की आवाज कोरडा झाला आहे, हा गळ्याची काळजी घेत नाही. एक वाक्य त्यानं उच्चारलं असतं तर त्या सगळ्या लेखण्या खाली आल्या असत्या. त्यानं ते उच्चारलं नाही. का नाही, याचं उत्तर मला मिलानमध्ये मिळालं नाही. ते मिळालं, निदान मला पटेल असं मिळालं, सिएनात.

फ्लोरेन्सहून सिएनाला बस चांगली. सव्वा तासात तटाच्या आत सोडते. रेल्वेचं स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी पडतं. मी मुद्दाम जूनच्या शेवटच्या दिवसांत गेले होते. उतरल्यापासून कुठून तरी ढोल ऐकू येत होता. एका गल्लीत तो थांबला की दुसऱ्या गल्लीत सुरू.

सिएना हे शहर सतरा मोहल्ल्यांचं आहे. त्यांना कोन्त्रादा म्हणतात. हंस, लांडगीण, कासव, गोगलगाय, जिराफ, ड्रॅगन, सुरवंट अशी त्यांची नावं. त्यांच्या सीमा १७२९ मध्ये व्हिओलान्ते बेआत्रिचे या शासक राजकन्येनं आखून दिल्या. त्या आजही तशाच पाळल्या जातात. रस्त्याच्या मधोमध सीमा असते. कोपऱ्यावरच्या भिंतीत प्राण्याची छोटी फरशी बसवलेली असते. प्रत्येकाचं स्वतःचं देऊळ, म्हणजे चर्च, स्वतःचं संग्रहालय, झेंडा आणि कारंजं. या कारंज्याच्या पाण्यानं मुलांचा कोन्त्रादात दुसरा बाप्तिस्मा होतो. चर्चमधला देवाचा, हा मोहल्ल्याचा. वर्षातून दोनदा, २ जुलैला आणि १६ ऑगस्टला, शहराच्या मुख्य चौकात या मोहल्ल्यांचे घोडे धावतात. तो पालिओ.

बास्तियानिनी पान्तेराचा. पान्तेरा म्हणजे बिबळ्या. लाल आणि निळा, मधे पांढऱ्या रेघा, हे त्यांचे रंग. कथीड्रलच्या मागे व्हिया स्तालोरेज्जी नावाची गल्ली उतरत जाते, तो त्यांचा मुलूख. याच गल्लीत दुच्चो या चित्रकारानं आपलं मोठं ‘माएस्ता’ चित्र रंगवलं आणि १३११ मध्ये सगळ्या गावानं मिरवणुकीनं ते कथीड्रलमध्ये नेलं. सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण तिथली माणसं ती मागच्या पिढीची असल्यासारखी सांगतात.

बास्तियानिनी बापाविना वाढला. आईनंच त्याला मोठं केलं. लहानपणी तो गोड पदार्थांच्या भट्टीवर कामाला होता. सिएनाच्या भट्ट्यांतून बदामाची मऊ रिच्चारेल्ली आणि सुकामेवा-मसाल्यांची पानफोर्ते निघतात. गल्लीत शिरलं की अजूनही तो भाजका वास आधी भेटतो. भट्टीचा मालक हौशी गायक होता. काम करताना गुणगुणणाऱ्या पोराचा गळा त्याच्या कानांनी हेरला आणि त्याला शिकायला धाडलं. १९४२ मध्ये फ्लोरेन्सच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यानं पहिलं बक्षीस मिळवलं, पण युद्ध सुरू होतं. बक्षिसामागोमाग लष्कराचं बोलावणं आलं.

स्तालोरेज्जीतल्या एका छोट्या कॉफीच्या दुकानात ऐंशीच्या घरातले एक आजोबा गळ्याभोवती पान्तेराचा रेशमी रुमाल बांधून बसले होते. मी माझ्या तोडक्यामोडक्या इटालियनमध्ये विचारलं, बास्तियानिनी, तो बॅरिटोन, इथलाच ना? आजोबांनी मान हलवली आणि दुरुस्ती केली, “कप्तान.” मग जरा थांबून म्हणाले, “गायचाही. सुरेख गायचा.”

कोन्त्रादाचा वर्षभराचा कारभार प्रिओरे पाहतो. पालिओ मात्र कप्तानाचा. आणि कप्तानाचं काम काय, हे आजोबांनी मला कॉफी थंड होईपर्यंत समजावलं. शर्यतीत सतरापैकी दहाच कोन्त्रादा धावतात. सात हक्कानं, तीन सोडतीनं. घोडा निवडता येत नाही. तो शर्यतीच्या तीन दिवस आधी चिठ्ठीनं मिळतो. चांगला घोडा आला तर गल्लीत लोक रडतात, वाईट आला तरी रडतात. स्वार मात्र भाड्याचा, बहुधा बाहेरगावचा. कप्तान त्याच्याशी सौदा करतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इतर कप्तानांशीही करतो. आपल्याला जिंकता येत नसेल तर शत्रू जिंकू नये, यासाठी कुणाला अडवायचं, कुणाला वाट द्यायची, कुणी किती द्यायचं. या सौद्यांना पार्तीती म्हणतात. ते सगळ्यांना माहीत असतात आणि कुणालाच माहीत नसतात. प्रारंभरेषेवर दोरांच्या मधे नऊ घोडे उभे राहतात. दहावा मागून त्याला वाटेल तेव्हा धावत आत शिरतो आणि तो शिरला की शर्यत सुटते. त्या दहाव्या स्वारानं कुणाचा घोडा आडवा फिरेपर्यंत वाट पाहायची, हेही आधी कुठं तरी ठरलेलं असू शकतं. मग तीन फेऱ्या, जेमतेम दीड मिनिट. खोगीर नाही. स्वार पडला तरी घोडा एकटा पुढं येऊन जिंकू शकतो, कारण विजय घोड्याचा आणि मोहल्ल्याचा, स्वाराचा नव्हे. बक्षीस म्हणजे रंगवलेला एक रेशमी झेंडा. त्याला प्रेमानं ‘चिंधी’ म्हणतात.

“चांगला कप्तान कोण?” मी विचारलं.

आजोबांनी ओठांवरून बोट फिरवलं. ज्याच्या तोंडून काही निघत नाही तो. बायकोला नाही, प्रिओरेला नाही, आईला नाही. चेहऱ्यावरूनही कळता कामा नये.

२ जुलै १९६३ ला पान्तेरानं पालिओ जिंकला. कप्तान एत्तोरे बास्तियानिनी. किरणोपचार होऊन काही महिनेच झाले होते. त्या संध्याकाळी पियाझ्झा देल काम्पोवर हजारो गळे फाटेस्तोवर ओरडत असताना हा माणूस कुणाच्या तरी खांद्यावर असेल, कुणी त्याला मिठ्या मारत असतील. आणि त्या गर्दीत त्याच्या घशात काय आहे हे जवळपास कुणालाच ठाऊक नव्हतं. मला वाटतं, गप्प राहायला त्याला न्यूयॉर्कनं किंवा मिलाननं शिकवलं नाही. ते त्याच्या गल्लीतलंच होतं. गुपित राखणं ही त्याच्या घरची रीत होती आणि तो ती फार चांगली जाणत होता.

दुपारी चौकात गेले. पियाझ्झा देल काम्पो शिंपल्यासारखा उतरता आहे. विटांची फरसबंदी, नऊ पाकळ्या, चौदाव्या शतकात शहर चालवणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाची खूण. खालच्या अंगाला नगरपालिकेची इमारत आणि तोर्रे देल मांजिया हा उंच, सडपातळ मनोरा. कडेनं पिवळसर माती अंथरून दाबून बसवली होती आणि सान मार्तिनोच्या उताराच्या वळणावर गाद्या उभ्या बांधल्या होत्या. घोडे तिथंच घसरतात. मला मात्र त्या नगरपालिकेच्या इमारतीनं अडवून धरलं. तिच्या एका अंगात लोरेन्झेत्ती या चित्रकाराची चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची भित्तिचित्रं आहेत आणि दुसऱ्या अंगात शहराचं नाट्यगृह, तेआत्रो देई रिन्नोवाती. राज्यकारभार, गाणं आणि शर्यत एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. असं शहर ज्याला लाभलं त्याला दोन आयुष्यं वेगळी ठेवण्याची गरज वाटली नसेल.

११ डिसेंबर १९६५ ला मेट्रोपोलिटनमध्ये तो शेवटचं गायला. ‘दोन कार्लो’मधला रोद्रिगो. रोद्रिगो तुरुंगात मित्राला भेटायला येतो, मित्रावरचा आळ स्वतःवर घेतो, अंधारातून गोळी येते आणि तो मरता मरता गातो. व्हेर्दीनं बॅरिटोनला दिलेलं बहुधा सगळ्यात उदार मरण. त्यानंतर तो पुन्हा रंगमंचावर उभा राहिला नाही. तेरा महिन्यांनी सिर्मिओने.

त्याला पुरलं ते सिएनालाच, लातेरिनोच्या दफनभूमीत. संध्याकाळी चालत तिथं पोहोचले तर फाटक बंद झालेलं. गजांतून आत सुरूची झाडं दिसत होती आणि खडीची एक वाट. आणलेली फुलं मी गजाला अडकवली. एकदा वाटलं, इथं हळू आवाजात एखादा सा लावावा. धीर झाला नाही. मागं तटाच्या आतून पुन्हा ढोल सुरू झाला होता.

परतले तेव्हा सरावाची शर्यत संपून पान्तेराचा घोडा घरी येत होता. आधी पोरं, मग बायका, मग हातात हात गुंफून रांगेनं चालणारे पुरुष, सगळे एकच चाल वेगवेगळ्या पट्टीत गात. घोड्याच्या मानेवर घामाचा फेस होता. तबेल्याशी आल्यावर मोतद्दारानं त्याला आत घेतलं. फिकट कोट घातलेला एक माणूस त्या गर्दीतून वाट काढत पुढं गेला. लोकांनी त्याला जागा करून दिली. माझ्या शेजारच्या बाईनं त्याच्याकडे हनुवटीनं खूण केली, “इल कापितानो.” तो कुणाशी काही बोलला नाही. आत गेला आणि दार लावून घेतलं. बाहेर गाणं चालूच होतं.